मातृभाषेत नापास

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा बन्सी मास्टरसाब औरंगाबादेत इंग्रजी व्याकरण शिकवत होते, आणि ॲक्शन संपल्यावरही तेच शिकवत राहिले. मधल्या चार-पाच दिवसांत राज्य बदललं. शाळेतली तसबीर बदलली, घंटा वाजवणाऱ्या शिपायाची टोपी बदलली, आणि इतिहासाच्या मास्तरांना तर अख्खा इतिहासच बदलावा लागला. त्या धसक्यानं ते आठवडाभर तापानं निजून होते. इंग्रजीला मात्र कुणी हात लावला नाही. निजामाच्या राज्यात ती परकी होती, नव्या राज्यातही ती परकीच ठरली, त्यामुळे मास्टरसाबांची नोकरी शाबूत राहिली. परक्याची चाकरी करण्यात एवढा तरी फायदा असतो.

त्यांचं पूर्ण नाव बन्सी कारभारी सोनवणे. गाव देवगाव रंगारी. घरी जमीन, विहीर, बैल सगळं होतं, पण वडिलांना वाटलं की चार भावांत एकानं तरी सरकारी कागद वाचावा. सरकारी कागद तेव्हा उर्दूत निघत. म्हणून बन्सी औरंगाबादच्या उर्दू शाळेत गेला, तिथून हैदराबादला गेला आणि उर्दूतून इंग्रजी शिकून, बी.ए. होऊन परत आला. मराठी शिकायची वेळ कधी आली नाही. ती घरीच होती. घरी असलेली वस्तू माणूस बाजारात कशाला शोधेल?

पुढं आमची संस्था निघाली आणि तिनं मास्टरसाबांना उचललं. संस्थेचे वर्ग पैठण गेटाजवळच्या एका जुन्या कचेरीत भरत. मॅट्रिक झालेल्या मुलांना कॉलेजसाठी तयार करणं हा आमचा उद्देश आहे, असं दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. खेड्यातली पोरं एकदम कॉलेजात गेली तर भेदरतील, म्हणून त्यांना आधी आमच्याकडं भेदरवून घेण्याची ही सोय होती. मास्टरसाबांकडं इंग्रजी साहित्य आणि निबंध असे दोन विषय होते. सत्तावन सालापासून दोन वर्षं मी त्यांच्या वर्गात होतो.

शिकवणं म्हणाल तर त्याला काही शिस्त नव्हती. कवितेची ओळ ते इंग्रजीत वाचत, अर्थ देवगावच्या मराठीत सांगत, आणि मधेच एखादा शब्द अडला तर उर्दूतून सोडवून घेत. वाक्याला ते जुमला म्हणत, निबंधाला मजमून. वर्गात हर्सूलची पोरं होती, कन्नडची होती, शहागंजातली होती, आणि ज्याला जो धागा सापडे तो धरून तो वर येई. निबंधाची त्यांची एकच अट होती, आधी तोंडानं सांग, मग हातानं लिही. एकदा मी गाईडमधला समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलीचा निबंध उतरवून नेला. इंग्रजी बिनचूक होतं, कारण ते माझं नव्हतंच. मास्टरसाबांनी वाचलं आणि विचारलं, "समुद्र कुठं पाह्यला तू?"

"नाय पाह्यला, साब."

"मंग हर्सूलचा तलाव लिही. तो पाह्यला ना?"

"पडलो व्हतो त्यात एकदा."

"मंग तर लईच चांगलं. तेच लिही."

मी तलावात पडल्याचं इंग्रजीत लिहिलं. वाक्यावाक्याला लाल रेघ आली, पण ते लिहिताना पाणी नाकात गेल्याची आठवण मला खरोखर झाली. समुद्रानं असं काही केलं नव्हतं.

असं सगळं बेशिस्त सुरळीत चाललेलं असताना संस्थेनं पुण्याकडून नवे प्राचार्य आणले. आठल्ये त्यांचं नाव. माणूस कष्टाळू होता, पहाटे उठणारा, पैशाला स्वच्छ, आणि स्वतःच्या बोलण्यावर लुब्ध. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला मैदानात बसवून सांगितलं की मराठवाडा आता आपल्या भाषाभगिनींत विलीन झाला आहे, आणि येथे मराठी रुजवण्याचं कार्य आपल्याकडे आलेलं आहे. मराठवाड्यात मराठी नाही ही बातमी आम्हाला नवीन होती, पण पाहुण्याला पहिल्याच दिवशी कशाला नाही म्हणा, म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब सर्वांत जोरात वाजवत होते. ते गंगापूरकडचे मोठे जमीनदार. सही उर्दूत करत.

महिन्याभरात आठल्ये सरांनी मंडळाकडून ठराव करून घेतला. कोणताही विषय असो, त्याचं स्पष्टीकरण शुद्ध मराठीतच झालं पाहिजे, आणि प्रत्येक शिक्षकानं मराठीची परीक्षा दिली पाहिजे. परीक्षेचा पेपर आठल्ये सर काढणार, आठल्ये सर घेणार आणि तपासणारही तेच. न्यायाच्या दृष्टीनं एवढी सोपी व्यवस्था मी पुन्हा कुठं पाहिली नाही.

मास्टरसाब परीक्षेला बसले. शुद्धलेखनात त्यांनी पाण्याला पानी लिहिलं आणि कोण ला कोन. निबंधाचा विषय होता 'माझी मातृभाषा'. त्यांनी चार-पाच ओळी लिहिल्या, त्या अशा की आमची माय जी जबान बोलत होती तीच मी पण बोलतो, माय कधी मदरशात गेली नाही म्हणून तिला कुणी नापास केलं नाही. आठल्ये सरांनी 'जबान' आणि 'मदरसा' खाली रेघ मारली, आणि थोडा विचार करून 'माय' खालीही मारली.

निकाल फळ्यावर लागला, तो अर्थात आम्ही विद्यार्थ्यांनीच आधी वाचला. चित्रकलेचे मास्तर पास होते. फारसीचे मौलवीसाहेब पहिल्या नंबरानं पास होते, कारण ते मराठी दोन वर्षांपूर्वी पुस्तकातून नव्यानं शिकले होते आणि तिच्यात घरची भेसळ मुळीच नव्हती. बन्सी कारभारी सोनवणे मातृभाषेत नापास होते. मौलवीसाहेबांना इतकी लाज वाटली की ते दुपारच्या सुट्टीत मास्टरसाबांसमोर चहा प्यायला बसले नाहीत.

मास्टरसाब घरी गेले आणि बायकोला, म्हणजे मनकर्णाबाईंना, त्यांनी ही बातमी सांगितली. मनकर्णाबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "मंग येवढी वर्सं तुमी माझ्यासंगं बोलत व्हते ते काय व्हतं?"

"त्याची अजून चौकशी चालू हाय," मास्टरसाब म्हणाले.

विनोद केला, पण जेवण गेलं नाही, असं मनकर्णाबाईंनीच पुढं मला सांगितलं. इंग्रजीत चूक काढली तर माणसाला फारसं लागत नाही, ती कुणाच्याच बापाची नसते. उर्दूत काढली तरी चालतं. पण आईकडून आलेल्या बोलण्यावर लाल शाई पडली की आपण कुणाच्या घरात वाढलो, असा प्रश्न पडतो. मास्टरसाब दोन-तीन दिवस घरात अगदी कमी बोलले. मनकर्णाबाईंनी काही विचारलं की ते उत्तर देण्याआधी थांबत, जणू शब्द तपासून घेत आहेत. शेवटी बाईंनीच वैतागून सांगितलं की मीठ पाहिजे का एवढंच विचारलंय, त्याला येवढा विचार करायचा नसतो.

नापास शिक्षकांनी शाळा सुटल्यावर आठल्ये सरांच्या खोलीत बसून मराठी शिकायचं असं ठरलं. असे तिघं होते. मास्टरसाब पुढच्या बाकावर बसत. 'लई' च्या जागी 'अतिशय' म्हणायचं, 'मतलब' च्या जागी 'तात्पर्य', आणि 'नाय' कधीच म्हणायचं नाही, हे त्यांनी मान खाली घालून वहीत लिहून घेतलं. त्या वेळी आमच्या पुस्तकात एक कविता होती. बर्फ पडत असतो, मेंढरं घरी येतात, त्यांत एक कोकरू कमी असतं, आणि एक म्हातारा धनगर कंदील घेऊन त्याला शोधायला परत डोंगरात जातो. एवढीच गोष्ट. आठल्ये सरांनी तिचं स्पष्टीकरण मास्टरसाबांना स्वतः लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी मास्टरसाबांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. "हिमाच्छादित प्रदेशात एक वृद्ध मेषपाल आपल्या हरवलेल्या शावकाच्या शोधार्थ भ्रमण करीत आहे."

मागून कुजबुज सुरू झाली. मेष म्हणजे रास, एवढं आम्हाला पंचांगावरून माहीत होतं. पाल म्हणजे भिंतीवरची, नाहीतर जत्रेत ठोकतात ते. अर्ध्या वर्गानं कविता ज्योतिषाची धरली. शावक कुणालाच सापडलं नाही. पुढच्या चाचणीत एकानं इंग्रजीत उत्तर लिहिलं की एक म्हातारी पाल बर्फावरून चालली आहे. व्याकरण बिनचूक होतं.

माझ्या शेजारी बिरू बसायचा. पडेगावचा. त्याचा बाप, चुलते आणि आजा जन्मभर दौलताबादच्या बाजूला मेंढरं चारत आले होते, म्हणजे घरात चार-पाच मेषपाल होते, आणि त्यानं तो पेपर कोरा दिला. मास्टरसाबांनी त्याला उभं करून विचारलं की काही तरी का नाही लिहिलं. बिरू म्हणाला की मेषपाल कुठं आलं, त्या गावाकडचं मला काय माहीत नाय.

मास्टरसाबांनी तो कोरा कागद बाकीच्यांत ठेवून दिला.

त्या आठवड्यात त्यांनी एक तोड काढली. ठरावात म्हटलं होतं की स्पष्टीकरण शुद्ध मराठीत करावं. स्पष्टीकरण करावंच, असं काही म्हटलेलं नव्हतं, आणि इंग्रजीच्या तासाला इंग्रजी बोलू नये, असंही नव्हतं. सोमवारपासून ते वर्गात आले की इंग्रजीत सुरू करत आणि घंटा होईपर्यंत इंग्रजीतच बोलत. कवितेचा अर्थही इंग्रजीत सांगत, आणि त्या अर्थाचा अर्थही इंग्रजीत. आवाज भारदस्त होता. आम्ही हात बांधून बसत असू. त्या वर्गात इतकी शांतता पूर्वी कधी नव्हती. काही कळत असलं की पोरं चुळबुळ करतात, काही कळत नसलं की ती फार शिस्तीनं बसतात.

आठल्ये सर खिडकीशी थांबून ऐकत आणि समाधानानं पुढं जात. मराठी रुजली नाही तरी निदान अशुद्ध मराठी बंद झाली होती. थंडीच्या दिवसांत वरून तपासनीस आले. ते आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. मास्टरसाबांनी अर्धा तास सलग इंग्रजी झाडलं. मधे तपासनिसांनी आम्हाला विचारलं की समजतंय ना, आणि आम्ही सगळ्यांनी एकसुरात यस सर म्हटलं. हे दोन शब्द आम्हाला खरोखर येत होते. तपासनिसांनी शेऱ्यात लिहिलं की इंग्रजी साहित्याचं असं अध्यापन या भागात पाहण्यास मिळेल अशी अपेक्षा नव्हती. संक्रांतीला संस्थेनं मास्टरसाबांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. वीस वर्षं शिकवलं तेव्हा नारळ मिळाला नव्हता. शिकवायचं थांबवल्यावर तीन महिन्यांत मिळाला.

मनकर्णाबाईंनी नारळ फोडून वड्या केल्या. मास्टरसाबांनी एकही खाल्ली नाही. ते आजारी नव्हते. त्यांना आमची तोंडं दिसत होती, एवढंच.

मग एका सकाळी बिरूची आई, बानाबाई, पडेगावहून चालत शाळेत आली. बिरू दहा दिवस वर्गात आला नव्हता. तिला कुणी अडवायच्या आत ती थेट आमच्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. मास्टरसाब इंग्रजीत बोलत होते. ते तिनं ऐकलं. मग तिनं हाक मारली, "मास्तर."

मास्टरसाब बाहेर गेले. दार उघडंच होतं, तेव्हा आम्ही कान टवकारले.

"पोरगं म्हनतं मी आता मेंढरामागं जातो," बानाबाई म्हणाली. "मेंढरं राखन्यात काई वंगाळ नाय. पन मला येक सांगा. त्याला कळत नाय, का तुमाला शिकवता येत नाय? दोन्हीतलं कोन्तं ते सांगा, मंजी मी घरी जाते."

मास्टरसाब म्हणाले, "त्याला कळतं. मला बी शिकवता येतं. पन मनाई हाय."

"कशाची?"

"मराठीची."

बानाबाईनं त्यांच्याकडं नीट पाहून घेतलं. "आता तुमी बोलले ते काय व्हतं?"

हाच प्रश्न त्यांना दुसऱ्यांदा विचारला जात होता, आणि या वेळी त्यांच्याजवळ विनोद शिल्लक नव्हता. ते म्हणाले, "उद्या पाठवा त्याला. आन् तुमाला टाइम असंल तर तुमी बी या."

बानाबाई म्हणाली की मला टाइम नाय, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी बिरू आला. मास्टरसाबांनी पुस्तक उघडलं, तीच मेंढरांची कविता काढली आणि दार लावून न घेता म्हणाले, "हं. येक म्हातारा धनगर हाय. बरफ पडू लागला. बरफ मतलब लई गार, गारपीट व्हती ना, तिचा बाप. मेंढरं वाड्यात आली. त्यानं मोजली. येक कोकरू कमी. आता बिरू, तू सांग, म्हातारा काय करंल?"

बिरू म्हणाला, "जाईल. पन आधी बाकीच्यायची सोय लावल. कुत्रं ठिवल."

"कवितेत कुत्रं नाय."

"मंग कविता करनाऱ्यानं मेंढरं राखली नसतील," बिरू म्हणाला, आणि वर्ग हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मास्टरसाबही हसले, आणि म्हणाले की हेच इंग्रजीत लिही, कवितेत कुत्रं कामून नाय. त्या तासाला आम्ही सगळ्यांनी कवीला धारेवर धरलं, पोटभर चुकीच्या इंग्रजीत.

हसण्याचा आवाज ऐकून आठल्ये सर आले. त्यांनी 'बरफ', 'मतलब', 'कामून' हे सगळं दारातून ऐकलं. ते वर्गात काही बोलले नाहीत. माणूस सभ्य होता. त्यांनी दुसऱ्या दिवशी मंडळाची सभा बोलावली.

सभेला बिरूला आणि मला साक्षीदार म्हणून नेऊन दाराजवळ बसवलं होतं. आम्हाला शेवटपर्यंत कुणी काही विचारलं नाही, पण पाहायला जागा चांगली मिळाली. मध्ये तात्यासाहेब, दोन बाजूंना मंडळाचे सभासद, सगळे शेतीवाडीवाले, आणि समोर मास्टरसाब. आठल्ये सरांनी आरोप वाचला. त्यांनी म्हटलं की प्रस्तुत अध्यापकांनी मंडळाच्या ठरावाचा हेतुपुरस्सर अव्हेर केला असून, त्यांच्या भाषिक स्वैराचारामुळे विद्यार्थ्यांच्या अभिरुचीचा अधःपात होत आहे. असं दोन पानं. भाषा निर्दोष होती.

वाचून झालं. एका सभासदानं तंबाखू मळली. तात्यासाहेबांनी घसा साफ केला, आठल्ये सरांकडं पाहून मान डोलावली, आणि मग खाली वाकून मास्टरसाबांना हळूच विचारलं, "बन्सी, हे काय म्हनून राह्यले?"

मास्टरसाब उठून उभे राहिले. खरं तर त्यांना सवलत होती. काहीही सांगता आलं असतं. पण तर्जुमा करणं, एका भाषेतलं दुसरीत सांगणं, हा त्यांचा धंदा होता, आणि तो ते इमानानं करत. ते म्हणाले, "सर म्हनतात की मी तुमचा हुकूम जानूनबुजून मोडला. मी मन मानंल तसं बोलतो, आन् त्यानं पोरायची चव बिघडती. म्हनून मला कविता शिकवू देऊ नये."

"असं व्हय," तात्यासाहेब म्हणाले. "मंग हे त्यायनी असंच कामून नाय सांगितलं?"

आठल्ये सरांनी तर्जुमा ऐकला होता. त्यांनी कबूल केलं की आशय अचूक आहे, फक्त 'चव' हा शब्द त्यांना मान्य नव्हता. मास्टरसाबांनी त्यांना विचारून तिथं 'गोडी' घातला. आरोपी स्वतःवरचा आरोप दुरुस्त करून देतोय हे पाहून एक म्हातारे सभासद म्हणाले की असा मानूस आपल्याला कोर्टात पाहिजे होता.

आता कुणाला वाटेल की एवढं झाल्यावर मंडळाला काय ते कळलं असेल. कळलंही होतं. पण मंडळ म्हणजे मंडळ. आठल्ये सरांचा अपमान करून चालणार नव्हतं, त्यांना आणायला मंडळींना तीनदा पुण्याला जावं लागलं होतं. आणि मास्टरसाबांना काढून चालणार नव्हतं, त्यांच्या पगारात दुसरा मिळणार नव्हता. तेव्हा असा तोडगा निघाला की कविता आणि धडे आठल्ये सरांनी स्वतः शिकवावेत, आणि बन्सी मास्तरांनी फक्त निबंध घ्यावा, कारण निबंधाला स्पष्टीकरण लागत नाही. सगळ्यांचं समाधान झालं. चहा झाला. मास्टरसाबांच्या हातातून साहित्य गेलं आणि ते कपबशी धरून बसले होते. बिरूनं मला कोपरानं ढोसलं, पण मी काय करणार होतो?

घरी जाताना आम्ही त्यांच्या मागं मागं औरंगपुऱ्यापर्यंत गेलो. ते एकदम थांबले आणि वळून म्हणाले की कविता आवडत असतील तर आठल्ये सरांच्या तासाला नीट बसा, मानसाचं पाठांतर लई चांगलं हाय. कडवट बोलले असते तर आम्हाला बरं वाटलं असतं. ते खरंच तसं म्हणत होते.

पुढं वर्षभर असं चाललं. सकाळी आठल्ये सर कविता शिकवत आणि आम्ही 'प्रतिभाविलास' वगैरे उतरवून घेत असू. दुपारी मास्टरसाबांचा निबंधाचा तास. ते विषय देत. ज्या सकाळी आठल्ये सरांनी बोट बुडाल्याची कविता घेतली, त्या दुपारी निबंध असे की एक नाव बुडाली, तुम्ही तिच्यात होता, काय काय झालं ते सांगा. मग आम्ही आधी तोंडानं सांगत असू, देवगावच्या, पडेगावच्या, शहागंजच्या बोलीत, आणि सांगता सांगता सकाळची कविता आपोआप उलगडत जाई. ठरावाच्या अक्षराला कुठंही धक्का लागत नव्हता. आठल्ये सरांना हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. एकदा ते खिडकीशी थांबले होते, आणि बराच वेळ थांबले, आणि सभा काही बोलावली नाही. तेवढं त्यांच्या खाती जमा धरायला हरकत नाही.

वर्ष संपल्यावर इंग्रजीचा निकाल चांगला लागला. बिरू पास झाला, कॉलेजात गेला, आणि पुढं जनावरांच्या दवाखान्याच्या खात्यात साहेब झाला. आठल्ये सरांना त्या निकालावर मोठ्या संस्थेत मोठी जागा मिळाली. निरोपाच्या भाषणात ते म्हणाले की येथे मराठी रुजली आहे. आम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्या. तोवर आम्हाला सवय झाली होती. त्यांच्यानंतरच्या प्राचार्यांना कवितांची आवड नव्हती, तेव्हा साहित्य पुन्हा मास्टरसाबांकडं आलं, कुठल्याही ठरावाशिवाय, जसं उन्हाळ्यात पाहुणं म्हणून गेलेलं माणूस घरी परत येतं तसं. निवृत्त होईपर्यंत ते शिकवत राहिले. मराठीची परीक्षा त्यांनी पुन्हा दिली नाही आणि ती राहिली आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

निवृत्तीनंतर ते देवगावला जाऊन राहिले. मी तिथल्या सहकारी बँकेत नोकरीला लागलो होतो, म्हणून अधूनमधून त्यांच्याकडं जात असे. एकदा गेलो तर अंगणात एक तरुण बसलेला, समोर मोठा टेपरेकॉर्डर. तो मराठीतला संशोधक होता. मराठवाड्यातली जुनी, अस्सल बोली लोप पावत चालली आहे, ती जतन करायची म्हणून तो गावोगाव हिंडत होता, आणि त्याला कुणी तरी मास्टरसाबांचं नाव सांगितलं होतं. त्यानं मोठ्या आदरानं मशीन सुरू केलं आणि म्हणाला, "सर, आता तुमच्या भाषेत काहीही बोला."

मास्टरसाब इंग्रजीत बोलू लागले. पाऊस कसा झाला, कापसाचं काय झालं, संशोधकाचा प्रवास कसा झाला, सगळं स्वच्छ, भारदस्त इंग्रजीत. संशोधकानं दोनदा नम्रपणे सुचवलं, तीनदा सुचवलं. त्याची फीत फिरत होती आणि तिच्यात इंग्रजी भरत होतं. शेवटी त्यानं मशीन बंद केलं.

मी पुढं सरकून हळूच विचारलं की साब, गरिबाला कामून छळता.

ते म्हणाले, "त्यानं इचारलं असतं की कसं चाललंय, तर दिवसभर बोललो असतो. तो म्हनला, तुमच्या भाषेत बोला. आता ती कोन्ती, ते मला कुठं माहीत हाय?"

तेवढ्यात मनकर्णाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी मशीनकडं पाहून विचारलं की हे काय हाय. संशोधकानं सांगितलं. त्या म्हणाल्या की बोलन्यासाठी येवढं वझं घेऊन हिंडता व्हय, आणि ओट्यावर बसून त्यांनी शेजारच्या सारजाबाईनं बांध कसा कोरला ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. संशोधकानं झडप घालून बटण दाबलं. फीत संपली, त्यानं उलटी लावली, तीही संपली. चहा थंड झाला. मास्टरसाब बाजेवर आडवे झाले होते आणि मधूनच डोळे न उघडता म्हणत होते की बांध नाय, आधी बाभूळ तोडली, ते राह्यलं.